दारावरचा निंबाचा पाला

नागपूरच्या डॉक्टरांनी मला दोन गोष्टी बजावून सांगितल्या. एक, औषधाच्या सहा फेऱ्या होतील आणि त्या ठरल्या दिवशीच व्हायला पाहिजेत. दोन, तोवर माणसांपासून लांब राहायचं, कारण या औषधाने रक्तातली ताकद जाते आणि साधी सर्दीही महागात पडते. पहिली गोष्ट मी वहीत लिहून घेतली. दुसरी ऐकून मला हसूच आलं. ते डॉक्टर बालाघाटला कधी आले नसणार. आमच्या वॉर्डात एखाद्याला ताप आला की संध्याकाळपर्यंत दहाबारा बाया त्याच्या खाटेला चिकटून बसतात, आणि एखादी आली नाही तर तिचं नाव वर्षभर निघतं.

सत्तरच्या दशकाचा मध्य असेल. मी तेव्हा अडतीस वर्षांची, सरकारी प्राथमिक शाळेत मास्तरीण. डाव्या छातीत गाठ निघाली, नागपूरला ऑपरेशन झालं, आणि गाठीबरोबर ती बाजूही गेली. घरात आम्ही ‘गाठीचं ऑपरेशन’ एवढंच म्हणायचो. कॅन्सर हा शब्द डॉक्टरांनी एकदा उच्चारला, माझ्या नवऱ्याने एकदा, आणि मग आम्ही तो जणू ट्रंकेत घालून कुलूप लावलं. नवरा बैहरला जंगल खात्यात बाबू होता, शनिवारी बसने यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. मुलीला आम्ही माझ्या माहेरी भंडाऱ्याला ठेवलं होतं. घरात मी आणि माझी सासू, दोघीच. मी तिला आत्याबाई म्हणायची.

एक फेरी म्हणजे पहिल्या दिवशी इंजेक्शन, आठव्या दिवशी पुन्हा इंजेक्शन, आणि चौदा दिवस गोळ्या. मग चौदा दिवस सुटी, की पुन्हा पहिला दिवस. बालाघाटहून गोंदियापर्यंत छोट्या लाइनची गाडी, गोंदियाला उतरून मोठी गाडी. आदल्या दिवशी जायचं, धर्मशाळेत राहायचं, सकाळी इंजेक्शन घ्यायचं आणि दुपारच्या गाडीने परत. आत्याबाई प्रत्येक वेळी सोबत असायची. तिच्या मांडीवर झाकणाचा पत्र्याचा डबा असे, कारण उलटी आपली वेळ पाळणारी होती. इंजेक्शननंतर चार तासांनी, म्हणजे तुमसरच्या आसपास, ती यायचीच. एकदा समोरच्या बाकावरच्या बाईने मला आपल्या पिशवीतलं लिंबू दिलं आणि मायेने विचारलं, “पह्यली खेप हाय का वं?” तिला मी गरोदर वाटले होते. मी नाही म्हणून मान हलवली. आत्याबाईने डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, “हौ, पह्यलीच.” तिला खोटं बोलायला मुळीच त्रास व्हायचा नाही, आणि मला त्याचा राग यायचा.

बाकी त्रासांची मी शाळेतल्या हजेरीसारखी नोंद ठेवली. पाणी भरपूर प्यायचं होतं, नाहीतर गोळ्या लघवीच्या जागी जाळतात असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण पाणी तोंडात घेतलं की गंजलेला खिळा चोखल्यासारखं लागायचं. दिवसाला बारा पेले. प्रत्येक पेल्याला मी खाटेजवळच्या भिंतीवर खडूची रेघ ओढायची, आणि आत्याबाई जाता येता रेघा मोजायची. आठ झाल्या असल्या तर “नऊ नाइ झाल्या वाट्टे” एवढंच म्हणून पुढे जायची. तोंडात फोड आले. मीठ लागलं की डोळ्यांतून पाणी काढायचे. मग गार केलेली पातळ पेज, बिनमिठाची, आणि वर ताक. हेच सकाळी, हेच संध्याकाळी.

वास हा सगळ्यांत वाईट प्रकार. आम्ही जवसाच्या तेलात फोडणी देतो. ते तेल तापलं की मला अंगणात पळावं लागे. चैत्रात मोह झडायला लागला. आमच्या मागच्या बाजूला तीन घरांत मोहफुलं वाळत घातली होती, आणि तो गोडसर, आंबूस वास दुपारभर घरात घुसून बसे. लहानपणी मला तो आवडायचा. त्या वर्षी मी नाकाला पदर लावून मोहाच्या नावाने शिव्या घातल्या, आणि मास्तरीणबाईच्या तोंडात ते शब्द ऐकून आत्याबाई पोट धरून हसली.

केस दुसऱ्या फेरीनंतर गेले. आधी कंगव्यात, मग उशीवर, मग नुसता हात लावला तरी. माझे केस बरे होते, कमरेपर्यंत होते. मी आत्याबाईला म्हटलं, कात्री घ्या आणि काय ते एकदाच करून टाका. तिने कात्री आणली, पण कात्रीची फारशी गरज पडली नाही. तिने ते सगळे एका फडक्यात बांधले आणि कुठे नेले मी विचारलं नाही. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. आमच्याकडे डोक्यावरून पदर घ्यायची सक्ती नव्हती, मी तर शाळेत कधीच घेत नव्हते. आता दिवसभर घेऊ लागले. शेजारची म्हणाली, “दुखण्यानं मास्तरीणले वळण लागलं.”

हे सगळं सोसण्यासारखं होतं. सोसण्यासारखी नव्हती ती माणसं. दुसऱ्या फेरीनंतर किरनापूरची चुलतसासू आली, सोबत चार जणी. बसमधून उतरल्या त्या सरळ माझ्या खाटेवर. चुलतसासू खोकत होती. खोकता खोकता माझ्या गालावरून हात फिरवत होती, आणि तिच्या ओळखीत कुणाकुणाला गाठ झाली होती आणि त्या कशा गेल्या ते सविस्तर सांगत होती. दोन दिवस राहिल्या. तिसऱ्या दिवशी मला ताप भरला, छाती भरली. बालाघाटच्या डॉक्टरांची सुई घ्यावी लागली, आणि तिसरी फेरी सोळा दिवस पुढे गेली.

नागपूरचे डॉक्टर बोलायला शांत होते. त्यांनी तारखा पाहिल्या आणि म्हणाले, “बाई, हे औषध नवीन आहे. आम्हीही शिकतोच आहोत. पण एवढं कळलंय की फेऱ्या अशा लांबत गेल्या तर त्याचा उपयोग नाही. पुन्हा असं झालं तर मी पुढचं औषध थांबवेन. उगाच तुमचे हाल का करायचे?” मी त्यांना विचारलं, थांबवलं तर? ते म्हणाले, “मग वाट बघायची.” कशाची ते त्यांनी सांगितलं नाही. परतीच्या गाडीत मला उलटी झाली, पण या वेळी माझं तिच्याकडे लक्ष नव्हतं. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. मला सहाही फेऱ्या पाहिजे होत्या. आत्याबाई दवाखान्यात माझ्याशेजारीच होती, डॉक्टरांचं सगळं तिने ऐकलं होतं.

तिसऱ्या फेरीचं दुसरं इंजेक्शन घेऊन आलो, त्याच्या आठ दिवसांनी सकाळी मी ओसरीत आले तर दाराच्या चौकटीला कडुनिंबाचे हिरवे डहाळे बांधलेले. उंबऱ्याजवळ पाण्याचा तांब्या, त्यातही पाला.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. घरात कुणाला देवी आल्या, म्हणजे माता आली, की दाराला निंबाचा पाला लावतात. पाला दिसला की कुणी आत येत नाही. आलं तर उंबऱ्याबाहेरून पाणी ओतून हात जोडून जातं. घरात फोडणी देत नाहीत, तळत नाहीत, कुणी केस विंचरत नाही, मोठ्याने बोलत नाही. मातेला गारवा लागतो, म्हणून आजाऱ्याला गार पेज आणि ताक. आणि आम्ही तर छप्पन साली धम्म घेतलेले लोक. याच बाईने नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर घरामागच्या निंबाखालचे शेंदूर लावलेले मातेचे दगड टोपलीत भरले होते आणि वैनगंगेत नेऊन सोडले होते. वस्तीत कुणाची हिंमत होत नव्हती तेव्हा तिने हे केलं. लग्न होऊन आल्यापासून मी ही गोष्ट तिच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल, त्याला गणती नाही.

“आत्याबाई, हे काय होय?”

“पाला हाय.”

“ते दिसते मले. लावला काहून?”

“लोकं येतेत म्हणून.”

“अन् माता आली म्हणून सांगणार का साऱ्याइले? तुम्ही? दगड बुडवून आल्या ना तुम्ही नदीत?”

ती भांडी घासत होती, मान वर केली नाही. “म्या कोणाले काइ नाइ सांगत. पाला लावला, बस. ज्याले जे समजाचं ते समजन.”

मी म्हटलं, हा शुद्ध खोटेपणा आहे. ती म्हणाली, “तुले सहा पाह्यजे का नाइ?” मी पाला तसाच राहू दिला, कारण सहा मला पाहिजेच होत्या.

आणि कबूल करायला लाज वाटते, पण ते बारा दिवस माझ्या आजारातले सगळ्यांत सुखाचे दिवस होते. फोडणी बंद. तेलाचा वास बंद. कुणी गालावरून हात फिरवत नव्हतं, कुणी मेलेल्या बायांच्या गोष्टी सांगत नव्हतं. राजेगावहून नवऱ्याचा मावसभाऊ बायकोला घेऊन भेटायला आला, गल्लीच्या तोंडाशी पाला पाहिला आणि केळी शेजारी ठेवून उलट पावली गेला. धम्म घेऊन इतकी वर्षं झाली होती, पण आमच्या समाजाच्या बायाही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हत्या. शेजारच्या शेतकरी घरांतल्या बाया सकाळी तांब्या घेऊन यायच्या, पाणी ओतायच्या, दहीभाताची वाटी ठेवून जायच्या. तो दहीभात मी खायची. तोंडातले फोड बसू लागले. सातव्या दिवशी मी दोन वाट्या पेज प्याले आणि ती पोटात राहिली.

आधीच्या शनिवारी नवऱ्याला कामामुळे येता आलं नव्हतं, दुसऱ्या शनिवारी तो आला. तो वस्तीतल्या विहाराच्या समितीवर होता, दर रविवारी वंदनेनंतर जुन्या चालीरीती सोडण्यावर बोलायचा. पाला पाहून त्याचा चेहरा पडला. “माय, उद्या मी लोकाइले काय तोंड दाखवू?” आत्याबाई म्हणाली, “मांगच्या दारानं जाय.” तो माझ्याकडे वळला. मी दुसरी वाटी संपवत होते. त्याने वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवी खुंटीला अडकवली. रविवारी तो मागच्या दाराने विहारात गेला. त्या दिवशी तो कशावर बोलला मी विचारलं नाही.

तेव्हा सरकारची चेचक, म्हणजे देवी, शोधायची मोहीम जोरात होती. भिंतींवर गेरूने लिहिलेलं असायचं की खबर द्या, बक्षीस मिळेल. शाळेत मी स्वतः मुलांना ते वाचून दाखवलं होतं. तरी आमच्या दारावरचा पाला आणि त्या भिंतीवरची अक्षरं यांचा एकमेकांशी काही संबंध येईल हे माझ्या ध्यानात आलं नाही, आत्याबाईच्या तर नाहीच. तिच्या हिशेबी पाला म्हणजे लोकांना थांबवायची खूण. ती सरकारला बोलवायची खूणही आहे, हे तिला कोण सांगणार?

सोमवारी सकाळी देवीची लस टोचणारा टीकेवाला आला. खाकी पिशवी, बगलेत रजिस्टर, हातात फोड आलेल्या मुलाचं चित्र असलेलं कार्ड. मी त्याला ओळखत होते, आमच्या शाळेत मुलांना टोचायला तो यायचा. बुधवारी सकाळच्या गाडीने मला चौथ्या फेरीसाठी निघायचं होतं.

“बहनजी, आपके यहाँ?” तो खरंच गोंधळला होता. मग त्याने आपलं काम सुरू केलं. हात पाहिले, पाय पाहिले, चेहरा पाहिला. फोड कुठेच नव्हते. “मुँह खोलिए.” मी तोंड उघडलं. त्याने आत डोकावलं आणि एक पाऊल मागे झाला.

“माता पहले मुँह में ही आती है, बहनजी.”

एवढ्यात दारासमोर बाया जमल्या होत्या. सकाळची पाणी ओतायची वेळ, सातआठ जणी असतील, हातात तांबे. टीकेवाल्याने रजिस्टर उघडलं आणि सांगून टाकलं. दारावर दोन माणसं बसवतो. जिल्ह्याचे डॉक्टर गुरुवारी येतील, ते पाहतील. तोवर घरातून कुणी बाहेर नाही, कुणी आत नाही. आणि टीका आजच, घरातल्या सगळ्यांना, आजूबाजूच्या घरांनाही.

मी म्हटलं, मला बुधवारी नागपूरला जायचंच आहे, आणि मला टीका चालणार नाही. डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगितलं होतं. अंगात ताकद नाही, टोचलेलीच देवी अंगभर उठेल, औषध चालू असेपर्यंत कसलीही टीका घ्यायची नाही. मी ट्रंकेतून दवाखान्याचा कागद काढून दिला. त्याने तो उलटसुलट पाहिला. “अंग्रेज़ी का पर्चा तो डॉक्टर साहब ही देखेंगे.”

आत्याबाई पुढे आली. तिने हात जोडले. तिला असे हात जोडताना मी कधी पाहिलं नव्हतं. “भाऊ, माता नाइ जी. कसमसे. म्याच लावला पाला. झूट हाय साऱं.”

टीकेवाला दमलेल्या आवाजात म्हणाला, “अम्मा, पाला उतरवाने जाओ तो सब यही कहते हैं.”

तो पिशवीतून सुई काढायला वाकला. मला तेव्हा काय झालं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. बुधवार जाणार हे दिसत होतं. बुधवार गेला की चौथी फेरी गेली, आणि डॉक्टर म्हणाले होते तसं पुढचं सगळं थांबलं. पण भीती तेवढीच नव्हती. बारा दिवस मी मनातून चिडलेली होते. त्या पाल्यावर, गुपचूप खाल्लेल्या दहीभातावर, आणि आता तोंड उघडून दाखवायला लावलं त्यावरही. मी पदर डोक्यावरून खाली ओढला.

डोक्यावर एक केस नव्हता. वैशाखातलं ऊन सरळ दारातून आत येत होतं.

“मुझे माता नहीं है. कैंसर है, छाती का. ऑपरेशन हो गया, एक तरफ की निकाल दी. नागपुर में इंजेक्शन लगते हैं, उसी से बाल गए, उसी से मुँह में छाले हैं. अब आप लिख लीजिए.”

हे मला त्याच्या जवळ जाऊन हळू सांगता आलं असतं. तो माणूस वाईट नव्हता, त्याने ऐकलं असतं. मी ते वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलं. खरं बोलतोय तर कुणाला भ्यायचं, अशी माझी तेव्हाची मस्ती. आणि हिंदीत सांगितलं, म्हणजे गल्लीत एकही माणूस न समजता राहिला नाही.

टीकेवाल्याने सुई परत ठेवली. रजिस्टर मिटलं. मग म्हणाला, “माफ कीजिए, बहनजी.” चौकटीचे डहाळे त्याने स्वतःच्या हाताने सोडले आणि घडी केल्यासारखे एकावर एक ठेवले. दारावर माणसं बसली नाहीत. समोरच्या बाया पांगू लागल्या. एकीने ओतायला म्हणून तांब्या तिरपा केला होता, तो तिने सरळ केला आणि भरलेलाच घरी नेला.

बुधवारी आम्ही नागपूरला गेलो. रक्त तपासलं, ठीक निघालं. चौथी फेरी ठरल्या दिवशी झाली. पाचवी झाली. सहावीही झाली, आषाढात, बाघ नदीला पूर होता आणि छोटी गाडी पुलावरून पावलापावलाने गेली तेव्हा. त्या तीन महिन्यांत मला ना सर्दी झाली, ना ताप आला. डॉक्टर खूश होते. त्यांनी विचारलं, “या वेळी माणसं कशी काय लांब ठेवलीत?” मी म्हटलं, आपोआप राहिली.

पाला असताना लोक निदान उंबऱ्यापर्यंत यायचे. त्या सोमवारनंतर उंबऱ्यापर्यंतही कुणी आलं नाही. कॅन्सर लागतो अशी सगळ्यांची समजूत, आणि त्याचं नाव काढलं तरी तो घर पाहून ठेवतो अशी आणखी एक. किरनापूरहून कुणी आलं नाही, राजेगावहून कुणी आलं नाही. मला हवं होतं तेच झालं होतं. मी खाटेवर पडून शांततेत खडूच्या रेघा ओढत होते.

हे सगळं आत्याबाईच्या वाट्याला काय घेऊन आलं ते कळायला मला वेळ लागला. सरकारी नळावर तिच्या घागरीच्या दोन्ही बाजूंना जागा सुटू लागली. अशी जागा तिला नवी नव्हती. लहानपणी विहिरीवर तिने याहून मोठी जागा सुटलेली पाहिली होती, आणि ती संपावी म्हणूनच तर ती नागपूरला गेली होती. या वेळी जागा सोडणाऱ्या आमच्याच होत्या. वस्तीतल्या बाया दुपारी एकत्र बसून बिड्या वळायच्या. कोणाच्या तरी ओसरीत सहा जणींची सहा गोणपाटं टाकायची, तेंदूची पानं कापायची, तंबाखू भरायची, आणि वॉर्डातल्या प्रत्येक घराचा समाचार घ्यायचा. आत्याबाई त्या घोळक्यात वीस वर्षं बसली होती. बोलण्यात तिला तोड नव्हती. आता ती गेली की बाया सूप उचलून सरकायच्या, कुणी म्हणायची, “जागा नाइ माय.” मग ती जाईनाशी झाली. मागच्या अंगणात एकटी बसून वळायची. तक्रार तिने माझ्याकडे कधी केली नाही. मला हे शेजारच्या भिंतीपलीकडून ऐकू आलेल्या बोलण्यातून कळलं. नवऱ्याने विहारात उभं राहून, हा रोग लागत नाही, असं दोनदा समजावून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि कुणी आलं नाही.

दिवाळीच्या सुमारास माझ्या डोक्यावर केस उगवले, आखूड, मऊ आणि चक्क कुरळे. आधी ते सरळ होते. आत्याबाई ऊन खात मागच्या अंगणात बसली होती. तिने मला जवळ बोलावलं, खाली बसवलं आणि डोक्यावरून हात फिरवून पाहिला. त्या दिवशी तिचा हात पुष्कळ वेळ डोक्यावर होता.

“साऱ्या सहाच्या सहा झाल्या ना?”

“हौ.”

“मंग बरी झाली ना तू आता?”

“हौ, आत्याबाई.”

तिने एक पान उचललं, कात्रीने कापलं, आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, “मंग आता येतीन ना वं बाया?”

मी वर्षानुवर्षं मुलांना खोटं बोलण्याबद्दल हातावर पट्टी मारली होती. तुमसरच्या गाडीतल्या तिच्या थापेचा, दाराच्या पाल्याचा मला राग आला होता. मी म्हटलं, “हौ, येतीन. काहून नाइ येतीन?”

मास्तरीण खोटं बोलत नाही, याची तिला पक्की खात्री होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पुढची ओसरी झाडली, शेणाने सारवली आणि सहा गोणपाटं अंथरली. मधे तंबाखूचं सूप ठेवलं आणि एका कडेला, स्वतःच्या नेहमीच्या जागी, बसली. संध्याकाळ झाली तशी तिने गोणपाटं गोळा केली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा अंथरली. थंडी संपेपर्यंत ती रोज अंथरत होती, आणि ती सहाच्या सहा अंथरते हे पाहूनही मी तिला एकदाही सांगितलं नाही की नका अंथरू.